हा अभंग नाही, ओवी आहे

फेब्रुवारी उजाडला की माझ्याकडे तपासायला फ्लेक्सचे मजकूर येऊ लागतात. २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन, त्यामुळे बहुतेकांवर एकच ओळ ठसठशीत अक्षरांत असते : ‘माझ्या मराठीची बोलू कौतुके’. खाली बारीक टायपात ‘संत ज्ञानेश्वरांचा अभंग’. मी दुरुस्त करून पाठवतो आणि अर्ध्या तासात फोन येतो, “अहो सर, ओवी काय नि अभंग काय, एकच ना ते?”

एकच नव्हे. हे फोनवर सांगून सांगून दमलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

अभंग तुम्हाला कानाने ठाऊक आहे. भजनात, वारीत, भीमसेनांच्या आवाजात तो इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्याची रचना सांगायला दोन वाक्यं पुरतात. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं : ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया ॥’ बोटांवर मोजून पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. छोट्या अभंगात आठ-आठ : ‘जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले ॥’ मधे फिरून फिरून येणारं ध्रुवपद, शेवटी ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘एका जनार्दनी’ अशी सही. झालं.

ग्रंथातल्या ओवीचेही चार चरण. पहिल्या तिन्हींना यमक, चौथा आखूड आणि बहुधा यमकाविना. अक्षरं मोजण्याचा जाच नाही, चरण लांबतो-आखडतो. छंदाचे अभ्यासक अभंगाला ओवीचंच अपत्य मानतात, तेव्हा यमकं नि अक्षरं यांवरून हमरीतुमरीवर यायची माझी इच्छा नाही. कुणी अक्षरं मोजायला चुकलं तर बिघडत काहीच नाही.

बिघडतं ते दुसरीकडे. अभंग सुटा असतो. साडेचार हजारांच्या आसपास अभंगांच्या तुकोबांच्या गाथेतला कुठलाही एक उचला, तो आपलं घरदार बरोबर घेऊन येतो. ओवीचं तसं नाही. ज्ञानेश्वरीत गीतेच्या सातशे श्लोकांवर नऊ हजारांच्या घरात ओव्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक ओवी मागचीचा हात धरून पुढचीकडे बघत असते. तिला एकटीला उचललं की ती भलतंच बोलू लागते. कधी कधी तर आपण तिला अर्ध्यातच तोडतो.

फ्लेक्सवरचीच घ्या. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला मूळ ओवी अशी आहे :

माझा मराठाचि बोलु कौतुकें ।
परि अमृतातेंही पैजां जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें ।
मेळवीन ॥

‘बोलु’ हे क्रियापद नव्हे, नाम आहे : बोल, बोलणं. ‘मराठाचि’ म्हणजे मराठीच. कौतुकं बोलायचा इथे प्रश्नच येत नाही. फ्लेक्सवाले फार तर दुसऱ्या चरणापर्यंत येतात आणि थांबतात. पण वाक्य तिथे संपलेलंच नाही! क्रियापद चौथ्या चरणात आहे, आणि तेही भविष्यकाळी. माझं बोलणं मराठीच आहे खरं, पण अमृतालाही पैजेवर जिंकतील अशी रसाळ अक्षरं मी जुळवीन. हा एका कवीने श्रोत्यांना दिलेला शब्द आहे. चौथा चरण छाटला की त्याची जिंकून झाल्याची आरोळी होते, आणि आपण ती वर्षातून एकदा मंडपात मारून घरी जातो.

बरं, दिलेला शब्द पाळतो कसा, ते पुढच्याच ओव्यांत आहे. ‘ऐका रसाळपणाचिया लोभा । कीं श्रवणींचि होति जिभा’. रसाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील! त्या पायी इंद्रियांची आपसांत भांडणं लागतील : शब्द हा खरा कानाचा विषय, पण जीभ म्हणणार, हा रस आमचा. मला सबंध ज्ञानेश्वरीत इतकी खट्याळ जागा दुसरी चटकन आठवत नाही. ती त्या प्रसिद्ध ओळीपासून दोन-तीन ओव्यांवर आहे आणि ओळ पाठ असलेल्या दहाजणांना विचारलं तर नऊजणांच्या गावीही नसते.

दुसरा मासला दिवाळीचा. ‘मी अविवेकाची काजळी । फेडोनि विवेकदीप उजळीं । तैं योगियां पाहे दिवाळी । निरंतर ॥’ शुभेच्छापत्रावर ही सुंदरच दिसते, आणि खाली सही : अमुक कुटुंबीय. यातला ‘मी’ कोण? चौथा अध्याय, गीतेतल्या ‘परित्राणाय साधूनां’ या श्लोकाचं विवरण, बोलतो आहे श्रीकृष्ण. थोडं आधी तोच ‘मी’ दैत्यांची कुळं नाशीन म्हणतो आहे. पत्र पाठवणाऱ्या काका-काकूंचा तसा काही बेत नसावा. अभंगातला ‘मी’ बहुधा कवी असतो (गौळणी-विराण्या सोडून द्या, तिथे गोपी किंवा विरहिणी बोलते). ओवीतला ‘मी’ कृष्ण असेल, अर्जुन असेल, संजय असेल, स्वतः ज्ञानदेव असतील. तो कोण ते पान उलटल्याशिवाय कळत नाही.

आणि ‘जो जे वांछील तो ते लाहो’. ही ओळ मी कर्जाच्या जाहिरातीत पाहिली आहे. पसायदानात तिच्याआधी काय मागितलंय? खळांची व्यंकटी सांडो, म्हणजे वाकडेपणा जावो. खळ मरोत असं नव्हे. त्यांना सत्कर्माची गोडी लागो, भूतांचं परस्परांशी मैत्र जडो, दुरिताचा अंधार जावो. एवढं सगळं झाल्यावर मग ज्याला जे हवं ते मिळो. या क्रमातच सगळी गंमत आहे. व्यंकटी शाबूत ठेवून जो जे मागेल ते त्याला मिळालं, तर काय होईल ते पाहायला फार लांब जावं लागणार नाही.

पसायदानालाही लोक सर्रास अभंग म्हणतात. त्याचं कारण कळतं : ते सुटं गायलं जातं आणि शेवटी ‘येणें वरें ज्ञानदेवो । सुखिया झाला’ असं नाव येतं, ते सहीसारखं वाटतं. पण त्या अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडच्या नऊ ओव्या आहेत.

या गोंधळाला शाळेत पाठ केलेली ओळही थोडी जबाबदार आहे : ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची’. त्यातून माणसागणिक एक छंद वाटून दिल्यासारखं होतं. मग हरिपाठाचं काय करायचं? ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी’ हा ज्ञानदेवांचा चोख अभंग आहे, मोजा. एकनाथांनी तर दोन्ही लिहिलं, वर भारुडं.

एक ओवी मात्र खरोखर सुटी असते : जात्यावरची. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आहे, म्हणजे ती ज्ञानेश्वरीच्याही आधीची. तिच्याबद्दल इथे बोलत नाही; तिला कुणी फ्लेक्सवर लावतच नाही.

‘ज्ञानेश्वरी उघडली, पण जमली नाही’ असं सांगणाऱ्यांना मी विचारतो, उघडली कशी? उत्तर ठरलेलं असतं : गाथेसारखी, मधूनच कुठूनतरी. म्हणजे कीर्तनाला मध्यंतरानंतर जाऊन बसायचं आणि बुवांना समजत नाही म्हणायचं. ‘रोज एक ओवी’वाले संदेश तर मला मुळीच सोसत नाहीत. दृष्टान्त देणारी ‘जैसें’ची ओवी आज आणि तो लावून दाखवणारी ‘तैसें’ची उद्या, मधे चोवीस तास! गाथा खुशाल कुठूनही वाचा. ज्ञानेश्वरीला निदान एका श्लोकावरचं सगळं विवरण सलग द्या. सार्थ प्रत घ्या, पण आधी मूळ मोठ्याने, मग अर्थ. नुसत्या गद्य रूपांतरात गोष्ट कळते, कानाला जिभा फुटत नाहीत.

नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात पदरची ओवी घालणाऱ्याला बजावलं, अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवू नका. वजाबाकीबद्दल ते काही म्हणाले नाहीत. परवाच्या मंडळींना मी चारही चरण शुद्ध लिहून दिले होते. फ्लेक्स लागला तेव्हा दोनच दिसले. सेक्रेटरी म्हणाले, “सर, ‘मेळवीन’च्या जागी स्वागतोत्सुकांचे फोटो बसवले. पण ‘अभंग’ काढून ‘ओवी’ केलंय हां तुमच्यासाठी.”