जमिनीखाली तेलाचे तलाव नसतात हो
सोसायटीच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: जमिनीखाली तेलाचे तलाव आहेत, उपसले की पोकळी राहते आणि भूकंप होतात. आपण ठाणेकर, डोळ्यासमोर मासुंदा तलाव येतो, त्यामुळे पटतंही. पण तेल-गॅस असतो दगडाच्याच बारीक छिद्रांत. घरी बघायचं तर कोरडी वीट वजन करून बादलीत सोडा, बुडबुडे येतील, तासाभराने परत वजन करा, वाढलं तेवढं पाणी विटेने प्यायलं आणि वीट जशीच्या तशी. शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला खडक, त्यात ही छिद्रं एकमेकांना नीट जोडलेलीच नसतात, म्हणून खूप खोलवर प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू सोडून भेगा पाडतात, वाळू अडकून भेग उघडी राहते. अमेरिकेत काही ठिकाणी भूकंप वाढले हे खरंय, पण जास्त करून तेल-गॅसच्या विहिरीतून निघालेलं खारं पाणी परत खोल जमिनीत ढकलल्यामुळे.