तयार जॉब सुकवून पाठवू नका
(डीएससी, म्हणजे नमुना तापवत तो किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या चाचणीसाठी, नमुने देणाऱ्या ग्राहकांसाठी, रबाळे एमआयडीसी, नवी मुंबई)

पॉलिकार्बोनेट किंवा अ‍ॅक्रिलिक साच्यात भराभर थंड होतं, तेव्हा त्याच्या रेणूंच्या साखळ्यांना नीट बसायला वेळ मिळत नाही आणि मधली रिकामी जागा, म्हणजे फ्री व्हॉल्यूम, जास्त राहते. पुढे या साखळ्या हळूहळू आवळत जातात. टीजी म्हणजे कडक प्लास्टिक मऊ पडू लागतं ते तापमान; त्याच्या खाली, पण जितकं जवळ, तितक्या लवकर. घनता जेमतेम वाढते, पण जॉब, म्हणजे साच्यातून निघालेला तयार भाग, ठिसूळ होऊ शकतो. चाचणीत नमुना पहिल्यांदा तापवताना (पहिली हीटिंग) ग्राफवर टीजीच्या पायरीला लागून दिसणारा उंचवटा याच आवळण्याचा.

तोच उंचवटा बरेच जण आमच्याकडे येण्याआधी बिघडवतात. ओल नको म्हणून, मोल्डिंगआधी कच्चे दाणे सुकवायच्या सवयीने, तयार जॉबही १२० अंशांवर चार तास ठेवला जातो. पॉलिकार्बोनेटचा टीजी साधारण १४७ अंश. १२० वर ते आणखी आवळतं, आणि जे गोदामात झालंच नाही ते आम्हाला ग्राफवर दिसतं. अ‍ॅक्रिलिकचा टीजी १०५ च्या आसपास. तिथे तेच १२० अंश जुना सगळा इतिहास पुसतात. ओव्हन एकच, चुका दोन उलट्या, आणि ग्राफ दोन्ही वेळा दिसायला झकास! ओलीची भीती असेल तर सिलिका जेल घालून डबा घट्ट बंद करा, बस्स. तुकडा कापताना ग्राइंडर नको, हळू चालवलेली करवत बरी.

‘दुसऱ्या हीटिंगचा ग्राफ स्वच्छ येतो, तोच द्या,’ असा आग्रह होतो. दुसरी हीटिंग मटेरियल सांगते, पहिली जॉबवर काय गुदरलं ते. ५ ते १० मिलिग्रॅमचा तुकडा मिनिटाला १० अंशांनी तापवून, थंड करून, पुन्हा तापवतो आणि दोन्हींतला फरक काढतो; रिपोर्टमध्ये दोन्ही ग्राफ असतात. दुसरीकडून स्वस्त कोटेशन आलं तर त्यात कुठली हीटिंग आहे, तेवढं विचारून घ्या. एकदा टीजीच्या वर गेलेला तुकडा फेरतपासणीला चालत नाही. म्हणून आम्ही नवा पीस मागतो, अडवणूक म्हणून नव्हे.

फ्री व्हॉल्यूमच्या पोकळ्यांचा आकार हवा असेल तर पॉझिट्रॉन चाचणी लागते. तिला सोडियम-२२ सारखा किरणोत्सारी स्रोत लागतो, ती आमच्याकडे होत नाही. तडकण्याच्या बहुतेक तक्रारींना डीएससी आणि घनता यांवर भागतं.

नमुन्यासोबत मोल्डिंगची तारीख, साच्याचं तापमान आणि जॉब कुठे ठेवला होता ते लिहा. त्याच लॉटचा न तडकलेला पीस असेल तर तोही द्या, दोन्ही एकाच दिवशी चालवू.