इन्कॉग्निटोत बघितल्यानं विमानाचं तिकीट स्वस्त होत नसतं

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबई नाहीतर दिल्लीचं विमान बघायचं म्हणलं की कुणीतरी सांगतंच, सारखं सर्च करू नको, कंपनी कुकीजवरून, म्हणजे ब्राउझरमध्ये साठलेल्या खुणांवरून, ओळखते अन् भाव वाढवते, इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोत बघ. लय वर्षांपासून फिरतंय हे, पण भाव तसा ठरतच नाही.

एकाच विमानातल्या इकॉनॉमीच्या सीटा कंपनी वेगवेगळ्या भावांच्या गटांत वाटते, त्याला फेअर बकेट म्हणतात. स्वस्त गट संपला किंवा सिस्टिमनं बंद केला की पुढचा महाग गट दिसतो, म्हणून सकाळचा भाव संध्याकाळी वाढलेला असतो, अन् मागणी कमी वाटली तर स्वस्त गट परत उघडतो पण. कोणता गट कधी बंद करायचा हे जुन्या बुकिंगच्या डेटावरून ठरतं, म्हणजे सण, लग्नसराई, वार, शेवटच्या क्षणाला येणारे ऑफिसवाले किती. स्वस्त सीट आत्ताच विकायची का जास्त पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखायची, हे गणित बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीच्या केन लिटलवूडनं १९७२ मध्येच मांडलं, आणि १९८५ ला अमेरिकन एअरलाइन्सनं असल्याच हिशोबावर पीपल एक्स्प्रेस या स्वस्त विमान कंपनीला टक्कर दिली.

आता खरी कामाची गोष्ट. चौघांचं एकदम सर्च केलं आणि स्वस्त गटात दोनच सीटा उरल्या असतील तर बऱ्याचदा चौघांनाही महागाचाच भाव लागतो. आधी एकाचं बघा, मग दोघांचं, मग चौघांचं, फरक दिसला तर दोन बुकिंग करा, फक्त पीएनआर वेगळे होतात, एकात बदल झाला तर दुसऱ्यात आपोआप होत नाही.