होविंड, केंट

होविंड, केंट : (१५ जानेवारी १९५३ – ). बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे अमेरिकन सुवार्तिक (धर्मप्रसारक) आणि ‘यंग अर्थ क्रिएशनिझम’ म्हणजे तरुण-पृथ्वी निर्मितिवादाचे प्रचारक. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात सृष्टिनिर्मितीचे म्हणून सांगितलेले सहा दिवस हे चोवीस तासांचेच दिवस होते, पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे आहे, डायनोसॉर माणसाबरोबरच नांदत होते आणि खडकांचे थर व जीवाश्म हा नोहाच्या काळातील जलप्रलयाचा गाळ आहे, असे हे मत मांडते. ‘डॉ. डायनो’ या टोपणनावाने व्याख्याने आणि व्हिडिओ कॅसेटींतून होविंड यांनी ते अमेरिकेबाहेरही पोहोचवले. मात्र त्यांच्याविषयी जे लिहिले गेले आहे, त्यातला मोठा भाग करचुकवेगिरीचा खटला आणि तुरुंगवास यांवर आहे. सहा हजार वर्षांच्या पृथ्वीबद्दल तुरुंगात जावे लागले, असा समज काही ठिकाणी दिसतो. तो चुकीचा आहे.

शालेय वयात, सोळाव्या वर्षी त्यांनी ख्रिस्ती श्रद्धेचा जाणीवपूर्वक स्वीकार केला. मिशिगन राज्यातील पाँटिअॅक येथील मिडवेस्टर्न बॅप्टिस्ट कॉलेजातून १९७४ मध्ये त्यांना धार्मिक शिक्षण या विषयाची पदवी मिळाली. त्यानंतर १९८८ पर्यंत ते बॅप्टिस्ट पंथीयांच्या खासगी शाळांत शिकवत. १९८९ मध्ये त्यांनी ‘क्रिएशन सायन्स इव्हँजेलिझम’ ही संस्था काढली. तिचा मुक्काम फ्लोरिडातील पेन्साकोला येथे होता.

नावामागच्या ‘डॉ.’वरून वाद सुरुवातीपासूनच आहे. ही पदवी ख्रिस्ती शिक्षण या विषयातील असून कोलोरॅडोतील पेट्रिअट विद्यापीठाने ती १९९१ मध्ये पत्रद्वारा दिली. या विद्यापीठाला सरकारमान्य अधिस्वीकृती नाही. विज्ञानाच्या कोणत्याही शाखेशी या पदवीचा संबंध नाही. सुमारे शंभर पानांचा प्रबंध बरीच वर्षे सहजी पाहायला मिळत नसे. २००९ मध्ये तो विकिलीक्सवर आला. लेखक आपले नाव सांगून वाचकाला नमस्कार करतो, तिथून प्रबंध सुरू होतो. प्रस्तावनेत सोळा प्रकरणे सांगितली आहेत, प्रत्यक्षात चार आहेत. मूळ संशोधन नाही, संदर्भांची शिस्तही नाही.

होविंड ज्या परंपरेतले, तिच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मताप्रमाणे ही धारा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ब्रिटिश ‘बायबलनिष्ठ भूवैज्ञानिकां’पासून, आणि त्याही आधी सृष्टीचा आरंभ इ.स.पू. ४००४ असा काढणाऱ्या आर्चबिशप अशर यांच्यापासून अखंड चालत आली आहे. निर्मितिवादी लेखकांना हे मत सोयीचे वाटते. दुसरे मत इतिहासकार रोनाल्ड नंबर्स यांचे. त्यांच्या मते जुनी धारा एकोणिसाव्या शतकातच आटली होती. आजचे जलप्रलय-भूविज्ञान सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट पंथातून, त्या पंथाच्या एक संस्थापक एलन व्हाइट यांच्या दृष्टान्तांवर उभे राहिलेल्या जॉर्ज मॅक्रेडी प्राइस (१८७०–१९६३) यांच्या लेखनातून आले. १९६१ मध्ये व्हिटकम आणि हेन्री मॉरिस यांनी ‘द जेनेसिस फ्लड’ लिहून त्याला बॅप्टिस्ट व इतर पंथांत आणले. पुरावा या दुसऱ्या बाजूला अधिक झुकतो. शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून चाललेल्या १९२५ च्या स्कोप्स खटल्यात उत्क्रांतीच्या विरोधात उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी उलटतपासणीत प्राइस यांचे नाव घेतले खरे. पण सृष्टीचे ‘दिवस’ म्हणजे दीर्घ कालखंड असू शकतात, हेही तिथेच मान्य केले.

‘होविंड सिद्धांत’ : जलप्रलयाचे हे स्पष्टीकरण होविंड यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचा क्रम असा. नोहाचे कुटुंब तारवात (प्रलयातून वाचवणाऱ्या जहाजात) असताना उणे ३०० अंश फॅरनहाइट (सुमारे उणे १८४ अंश सेल्सिअस) तापमानाची एक बर्फाळ उल्का पृथ्वीकडे आली आणि फुटली. काही तुकडे इतर ग्रहांची कडी झाले, काहींनी चंद्रावर विवरे पाडली. उरलेले बर्फ चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे ओढले गेले आणि तिथले मॅमथ उभ्या उभ्या गोठले. धक्क्याने पृथ्वीचे कवच तडकून भूगर्भातले पाणी उसळले आणि आकाशातले जलछत, म्हणजे पृथ्वीभोवतीचे पाण्याचे आवरण, कोसळले. मेलेले प्राणी व वनस्पती गाळात थराथराने बसले. पुढे डोंगर वर आले, पाणी ओसरले आणि ओसरता ओसरता काही आठवड्यांत ग्रँड कॅन्यन कोरून गेले.

यातले त्यांचे स्वतःचे किती, हा प्रश्न आहे. ‘अंतराळाच्या वरची जले’ (उत्पत्ती १:७) म्हणजे पृथ्वीभोवतीचे पाण्याचे आवरण, ही कल्पना आयझॅक व्हेल यांनी १८७४ मध्ये मांडली होती. व्हिटकम-मॉरिस यांनी तिला बाष्पछताचे रूप दिले. अवकाशातून आलेले, विद्युत्‌भारित, चुंबकीय क्षेत्राने ध्रुवांकडे वळवलेले बर्फ डोनाल्ड पॅटन यांच्या १९६६ च्या पुस्तकात आहे. गोठलेल्या मॅमथांचा उपयोगही तिथे याच कामासाठी केलेला आहे. हान्स हर्बिगर यांच्या १९१३ च्या विश्वहिम सिद्धांताशी (बर्फ हेच विश्वाचे मूलद्रव्य मानणाऱ्या) असलेले साम्य वरवरचे दिसते. होविंड यांचे श्रेय जुळवाजुळवीचे आणि सुटसुटीत सांगण्याचे, असे म्हणणे योग्य ठरेल.

सिद्धांत अडतो तो उष्णतेच्या हिशेबात. पृथ्वीकडे बाहेरून येणारी वस्तू सेकंदाला किमान ११.२ किमी वेगाने आदळते. म्हणजे दर किलोमागे सुमारे ६३ मेगाज्यूल ऊर्जा. उणे १८४ अंशांचे एक किलो बर्फ वितळवून, उकळवून त्याची पूर्ण वाफ करायला साडेतीन मेगाज्यूलही लागत नाहीत. मूळचे बर्फ कितीही थंड असले तरी पोहोचताना जवळ असलेली ऊर्जा त्याची वाफ करण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे अठरापट असते. आज अंटार्क्टिकावर आहे तेवढेच बर्फ अशा रीतीने कोसळले, तर निघणारी उष्णता जगातले सगळे महासागर अडीचशे अंशांनी तापवायला पुरेल. शिवाय बर्फ हा प्रतिचुंबकीय पदार्थ आहे; चुंबकीय क्षेत्र त्याला ओढत नाही, अत्यंत क्षीणपणे दूर सारते.

जलछताची अडचण याच जातीची. दर दहा मीटर पाण्यामागे जमिनीवरचा दाब साधारण एका वातावरणाने (आजच्या हवेच्या दाबाइतका) वाढतो. दहा मीटर पाऊस होईल एवढी वाफ एकदम सांद्रित झाली, तर बाहेर पडणारी सुप्त उष्णता हवेच्या संपूर्ण स्तंभाला दोन हजार अंशांहून अधिक तापवण्याइतकी भरते. छत बर्फाचे होते म्हणावे, तर ते वर कशाच्या आधाराने राहिले हे सांगावे लागते. पावसाचे पाणी कमी धरले की उष्णता आटोक्यात येते, पण मग डोंगर बुडत नाहीत. बाष्पछताची कल्पना पुढे निर्मितिवादी संशोधकांपैकीच अनेकांनी सोडून दिली, ती अशाच आकडेमोडीनंतर.

मॅमथांविषयी : सायबेरियातील बेरेझोव्का नदीकाठी १९०० मध्ये आढळलेल्या आणि पुढच्या वर्षी उकरून काढलेल्या मॅमथच्या तोंडात न चावलेला चारा सापडला, हे खरे आहे. प्रेत काही अंशी कुजलेले आणि श्वापदांनी खाल्लेले होते, एवढा भाग व्याख्यानांत गळतो. गोठलेल्या मॅमथांची कार्बन-१४ पद्धतीने काढलेली वये चाळीस हजार वर्षांहून जुन्यापासून रँगल बेटावरील सुमारे चार हजार वर्षांपर्यंत पसरलेली आहेत. एका दिवसात सगळे गोठले असते, तर हा पसारा दिसला नसता.

निर्मितिवाद्यांचे आक्षेप : होविंड यांच्यावर सर्वांत नेमकी टीका त्यांच्याच गोटातून झाली. चंद्रावरील धुळीचा मुद्दा हे त्याचे चांगले उदाहरण. १९६० मध्ये हान्स पेटरसन यांनी हवाईतील पर्वतशिखरांवर गाळलेल्या हवेतील निकेल मोजून पृथ्वीवर वर्षाला जास्तीत जास्त १.४ कोटी टन अवकाशीय धूळ पडत असावी, असा अंदाज केला. ही कमाल मर्यादा होती. निर्मितिवाद्यांनी ती सरासरी म्हणून घेतली आणि साडेचार अब्ज वर्षांत चंद्रावर कित्येक मीटर धूळ साचायला हवी होती, असा युक्तिवाद केला. उपग्रहांवरच्या मोजमापांतून पुढे आलेला आकडा वर्षाला काही दशसहस्र टनांचा, म्हणजे शेकडो पटींनी लहान आहे. १९९३ मध्ये स्नेलिंग आणि रश या निर्मितिवादी लेखकांनीच हा मुद्दा मागे घ्यावा असे लिहिले. केन हॅम यांच्या ‘आन्सर्स इन जेनेसिस’ या निर्मितिवादी संस्थेने वापरू नयेत अशा युक्तिवादांची यादी काढली, तेव्हा होविंड यांनी तिच्यावर टीका केली. २००२ मध्ये संस्थेने त्यांचे मुद्दे एकेक घेऊन खोडले. बायबलचे १६११ चे किंग जेम्स इंग्रजी भाषांतर तेवढेच प्रमाण, हा त्यांचा आग्रहही या मंडळींना अडचणीचा वाटे.

अडीच लाखांचे आव्हान : उत्क्रांतीचा प्रायोगिक पुरावा देणाऱ्यास होविंड यांनी १९९० मध्ये दहा हजार, पुढे अडीच लाख डॉलर देऊ केले होते. गोम व्याख्येत होती. ‘उत्क्रांती’चे त्यांनी सहा अर्थ केले : काल-अवकाश-द्रव्य यांची उत्पत्ती, मूलद्रव्यांची उत्पत्ती, तारे व ग्रह, निर्जीवातून सजीव, एका प्रकारातून दुसरा प्राणी आणि प्रकारांतर्गत बदल. शेवटचा त्यांना मान्यच होता. बक्षिसासाठी बाकीचे सर्व, तेही दुसरी कोणतीच शक्यता उरणार नाही अशा रीतीने, सिद्ध करायचे होते. जीवशास्त्रज्ञ उत्क्रांती म्हणतात त्यात पहिले तीन अर्थ येतच नाहीत. परीक्षकांची नावे जाहीर नव्हती. शब्दाचा रूढ अर्थ बाजूला सारून आपला अर्थ घालण्याची ही रीत त्यांच्या कायदेविषयक भूमिकांतही आढळते.

२००१ मध्ये पेन्साकोला येथे घराच्या आवारात त्यांनी ‘डायनोसॉर अॅडव्हेंचर लँड’ हे उद्यान उघडले. तेथील एका इमारतीसाठी बांधकाम परवाना घ्यायचा होता. शुल्क ५० डॉलर. चर्चच्या कामाला सरकारची परवानगी लागत नाही, असे म्हणून त्यांनी तो घेतला नाही. परगणा प्रशासनाशी सुमारे चार वर्षे वाद चालला, इमारत बंद करण्यात आली आणि जून २००६ मध्ये गुन्हा कबूल न करता शिक्षा मान्य करण्याचा मार्ग त्यांनी पत्करला.

करखटला : १९९६ मधील त्यांचा दिवाळखोरीचा अर्ज न्यायालयाने अप्रामाणिक हेतूचा ठरवला होता. एप्रिल २००४ मध्ये कर अधिकाऱ्यांनी झडती घेतली. जुलै २००६ मध्ये ५८ आरोप ठेवण्यात आले. त्यांचे तीन गट पडतात.

पहिले बारा आरोप कर्मचाऱ्यांच्या पगारातून कर न कापल्याचे, २००१ ते २००३ या तीन वर्षांतील दर तिमाहीचा एक. अमेरिकेत मालकाने पगारातून प्राप्तिकर (आपल्या टीडीएससारखा) आणि सामाजिक सुरक्षा व वैद्यकीय विम्यापोटी ७.६५ टक्के कापायचे, तेवढीच भर स्वतः घालायची आणि दर तिमाहीला विवरण द्यायचे असते. चर्चला मिळणाऱ्या देणग्यांवर प्राप्तिकर नाही आणि ती सूट मिळवायला अर्जही लागत नाही. पण चर्चमध्ये पगारावर असलेल्या माणसांचा कर कापण्याची जबाबदारी कायम राहते. या दोन गोष्टींतला फरकच होविंड यांना मान्य नव्हता. आपल्याकडे नोकर नाहीत, सेवक आहेत. त्यांना मिळतो तो पगार नव्हे, भेट आहे, अशी त्यांची मांडणी होती. कामाचे तास आणि नियमित मोबदला असला की नाव काहीही द्या, कायदा त्याला नोकरीच समजतो. थकीत रक्कम ४,७३,८१८ डॉलर काढण्यात आली.

पुढचे ४५ आरोप ‘स्ट्रक्चरिंग’चे आहेत आणि गैरसमज सर्वाधिक इथेच होतात. १९७० च्या कायद्याप्रमाणे दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रोख भरली किंवा काढली, तर बँक सरकारला अहवाल पाठवते. हा अहवाल टाळण्यासाठी रकमेचे तुकडे करणे १९८६ पासून गुन्हा आहे. पैसा कायदेशीर असला आणि स्वतःच्या खात्यातला असला, तरीही. त्यामुळे ‘आपलेच पैसे काढणे हा गुन्हा कसा?’ हा समर्थकांचा प्रश्न मुद्द्याला भिडत नाही. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे तुकडे पाडणे बेकायदा आहे हेही आरोपीला ठाऊक असले पाहिजे, अशी अट घातली होती. अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून ती काढून टाकली. अहवालाचा नियम माहीत असणे आणि तो चुकवण्याचा हेतू, एवढे सिद्ध करावे लागते. जुलै २००१ ते ऑगस्ट २००२ या काळात ४५ वेळा मिळून ४,३०,५०० डॉलर काढले गेले. भागाकार केला तर दर खेपेस साडेनऊ हजारांहून थोडे अधिक येतात. एखाद-दुसऱ्या रकमेवरून काही ठरत नाही. हेतू दिसतो तो अशा रांगेतून. अट्ठावन्नावा आरोप करवसुलीत अडथळा आणल्याचा होता.

२ नोव्हेंबर २००६ रोजी ज्यूरीने त्यांना सर्व ५८ आरोपांत, तर रक्कम काढण्यात सहभागी असलेल्या पत्नीला ४४ आरोपांत दोषी ठरवले. जानेवारी २००७ मध्ये होविंड यांना दहा वर्षे कारावास आणि सहा लाखांहून अधिक डॉलर भरण्याचा आदेश झाला. पत्नीला एक वर्ष एक दिवस. डिसेंबर २००८ मध्ये अपील फेटाळले गेले. संस्थेचे काम मुलगा एरिक याने नव्या नावाने पुढे नेले.

जप्त मालमत्तेवर दावा प्रलंबित असल्याच्या नोटिसा, म्हणजे आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारांत ज्याला ‘लिस पेंडन्स’ म्हणतात त्या, नोंदवल्याबद्दल ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांच्यावर टपालाद्वारे फसवणूक आणि न्यायालयाचा अवमान असे नवे आरोप आले. मार्च २०१५ मध्ये ज्यूरीने अवमानाचा एक आरोप सिद्ध मानला, इतर बहुतेक आरोपांवर तिचे एकमत झाले नाही. मे महिन्यात न्यायाधीशांनी तो एक आरोपही रद्द केला. त्याच उन्हाळ्यात होविंड सुटले. पुढे अलाबामातील लेनॉक्स येथे त्यांनी त्याच नावाचे उद्यान पुन्हा उभारले असून तेथून ते व्याख्याने प्रसारित करतात.