जनुकीय भेदभाव आणि जनुक-संपादन : मुंबईच्या संदर्भात

जनुकीय भेदभाव : माणूस आज ठणठणीत आहे, पण त्याच्या जनुकांत एखाद्या आजाराचा दोष आहे किंवा असू शकेल, एवढ्यावरून त्याला लग्न, विमा किंवा नोकरी नाकारणे. भेदभाव कधी जन्माआधीच होतो. जनुक-संपादन म्हणजे पेशीतले असे जनुक बदलणे. नीतीची चर्चा बहुधा संपादनावरच रेंगाळते, कारण ‘मागणीनुसार बाळ’ ही कल्पना चटकदार आहे. मुंबईत मात्र माणसांच्या वाट्याला आलेला भेदभाव बहुतेक साध्या तपासण्यांमधून आला आहे.

या तपासण्यांचा बराचसा इतिहास परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात घडला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ इथेच नोंदवला. रक्तगट संदर्भ केंद्र १९५७ मध्ये सुरू झाले. तीच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था. भारतातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या देखरेखीखाली ऑगस्ट १९८६ मध्ये जन्मली, तीही के.ई.एम.मध्येच.

बॉम्बे गटाच्या रक्तपेशींवर ‘एच’ प्रतिजन (पेशीच्या पृष्ठभागावरचा ओळख-रेणू) नसतो. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ वाटते, पण ‘ओ’ रक्त चढवले तर शरीर ते नाकारते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन सदोष जनुके आली, तरच हा गट होतो. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे गणितही हेच. वारशाची रीत एक असली, तरी समाजात दोघांची किंमत वेगळी. बॉम्बे गटाचा माणूस ‘दुर्मिळ रक्ताचा’ म्हणून कौतुकाने ओळख करून देतो. थॅलेसेमियाचा वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेला माणूस, आपला अहवाल कपाटात ठेवतो.

मुंबई आणि उपनगरांत सिंधी, लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक तुलनेने जास्त आढळतात. फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचे उल्हासनगर त्यामुळे या तपासण्यांच्या नकाशावर ठळक आहे. आजार मात्र एकाच समाजाचा नाही; मराठी घरांतही वाहक असतात आणि ‘आमच्यात नसतं ते’ या भरवशावर तपासणी टळते.

वाहकाच्या अहवालात हिमोग्लोबिन ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साधारण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर दिसते. शेजारी शेरा असतो : ‘थॅलेसेमिया मायनर’. त्या माणसाला औषध लागत नाही, रक्त चढवावे लागत नाही. फार तर किंचित पंडुरोग. गोंधळ ‘मायनर’ या शब्दाने होतो. ऐकणाऱ्याला वाटते, आजार आहे, फक्त छोटा आहे. प्रत्यक्षात प्रश्न येतो तो दोघेही जोडीदार वाहक असतील तेव्हा : प्रत्येक गरोदरपणात बाळाला ‘थॅलेसेमिया मेजर’, म्हणजे खरा गंभीर आजार, होण्याची शक्यता २५ टक्के. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, आणि साठणारे लोह काढायला रोजची औषधे लागतात. एकच जोडीदार वाहक असेल, तर मेजर मूल होत नाही.

लग्नाच्या बाजारात या साध्या हिशेबाची वाट लागते. स्थळ छान, पत्रिका जुळलेली, आणि मग कुठून तरी कळते की मुलगी मायनर आहे. ‘मुलीच्या रक्तात काहीतरी आहे म्हणे’ एवढ्यावर बैठक मोडते. नकार देणाऱ्यांनी आपल्या मुलाची तपासणी केलेली असतेच असे नाही. केली असती आणि तो वाहक नसता, तर नकाराला कारणच उरले नसते. म्हणून समुपदेशक दोघांचे अहवाल एकत्र वाचायला सांगतात. दोघेही वाहक निघाले तरी गर्भाची तपासणी दहा-बारा आठवड्यांपासून करता येते. त्यानंतर काय करायचे हा दांपत्याचा निर्णय, आणि तो कुणी सोपा म्हणू नये.

तपासणी आजारासाठी आणि वापर भलत्यासाठी, हे मुंबईने आधीही पाहिले होते. गर्भजल परीक्षा आली आनुवंशिक विकृती शोधायला. ऐंशीच्या दशकात शहरातले दवाखाने तिने मुलगी शोधू लागले. स्त्री संघटनांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातला पहिला बंदी-कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि २००३ मध्ये त्यात गर्भधारणेपूर्वीची निवडही आली. सोनोग्राफीच्या खोलीबाहेरची ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी त्यातूनच आली. तरी राज्यात दर हजार मुलग्यांमागे ० ते ६ वयाच्या मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या आणि २०११ मध्ये ८९४ उरल्या.

‘चांगले रक्त’ ही कल्पना त्याहून जुनी. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेले आणि रद्द झालेले भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतः छापले. जात ही वंशशुद्धीची शास्त्रीय व्यवस्था आहे, हा दावा त्यांनी त्यात उलटतपासणीला घेतला : तसे असेल तर रोटीबंदी कशासाठी, एकत्र जेवल्याने रक्त कसे बिघडेल? स्थळ नाकारताना आज जनुकांची भाषा वापरणाऱ्यांनाही हा प्रश्न लागू पडतो.

संपादनाच्या बाबतीत मुख्य भेद कायिक पेशी (शरीराच्या इतर पेशी) आणि जननपेशी (बीज आणि शुक्राणू) असा आहे. कायिक पेशीतला बदल त्या रुग्णापुरता राहतो. जननपेशीतला किंवा भ्रूणातला पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो, आणि त्या पिढ्यांची संमती घेता येत नाही. चीनमध्ये ‘हे जियानक्वी’ नावाच्या शास्त्रज्ञांनी भ्रूणांचे जनुक बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले. पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांची कैद झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत जननपेशींचे असे संपादन निषिद्ध आहे. आय.आय.टी. मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्याने तयार झालेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेली ‘नेक्सकार-१९’ ही कर्करोगाची उपचारपद्धती काटेकोर अर्थाने संपादन नाही, पण तिच्यातला बदल कायिक पेशींपुरताच : रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) काढून त्यांत जनुक घालतात आणि त्या परत देतात. नीतीचा प्रश्न इथेही आहे, पण तो पैशांचा. परदेशी उपचाराच्या मानाने खर्च खूपच कमी, तरी तो लाखांत जातो.

मग विमा आठवतो. आयुर्विम्याच्या अर्जात आई, वडील, भावंडे असा तक्ता असतो : वय, प्रकृती, मृत्यूचे कारण. जनुकीय चाचणी येण्याच्या कितीतरी आधीपासून तो वारसाच विचारत आला आहे. हृदयाच्या आनुवंशिक आजाराचा दावा नाकारला गेल्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये जनुकीय विकारांना सरसकट वगळणारे कलम भेदभावाचे ठरवले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. दरम्यान विमा नियामकाने आरोग्यविमा कंपन्यांना असे कलम न घालण्याची सूचना दिली. अमेरिकेत २००८ पासून आरोग्यविमा आणि नोकरीपुरता स्वतंत्र कायदा आहे, आयुर्विमा त्यातून सुटला आहे. भारतात जनुकीय भेदभावावर स्वतंत्र कायदा नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीचा वेगळा संवेदनशील वर्ग नाही. २०१९ च्या विधेयकात तो होता. प्रयोगशाळेचा अहवाल आता पीडीएफ म्हणून फोनवर येतो आणि मुलीच्या बायोडाटाबरोबर मामा, मावशी, मध्यस्थ असा व्हॉट्सॲपवर फिरतो. व्यक्तीने खाजगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू होत नाही.