बोअरच्या खाऱ्या पाण्यात कोरल ब्यूटी जगत नाही

लातूर-नांदेडकडं माशांची हौस असणाऱ्यांत एक समज बरीच वर्षं फिरतोय: आपल्या बोअरचं पाणी खारंच असतं, त्यात मूठभर मीठ टाकलं की कोरल ब्यूटीसारखा समुद्री एंजल मासा टाकीत आरामात राहतो. राहत नाही.

बोअरचं पाणी जड असतं ते खडकातून उतरलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला दोन हजार मिलिग्रॅम निघाला तरी लिटरमागं दोनच ग्रॅम क्षार झाले. समुद्रात ते साधारण 35 ग्रॅम असतात. बरं, मीठ वाढवून तेवढे केले तरी भागत नाही, कारण खायचं मीठ म्हणजे जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम, सल्फेट, पोटॅशियम त्यात कुठून येणार? म्हणून आरओच्या पाण्यात समुद्री टाकीसाठीचं तयार मीठ मिसळतात.

समुद्री माशाच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं. तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. अंगातल्या पाण्यापेक्षा कमी खारट पाण्यात हे सगळं उलटं होतं, पाणी अंगात शिरतं. ‘हळूहळू सवय लावा’ हा सल्ला म्हणूनच फोल आहे.

दुकानातला नेहमीचा एंजल अॅमेझॉनच्या नद्यांकडचा, गोड्या पाण्यातला, सिक्लिड नावाच्या कुळातला. कोरल ब्यूटी हिंदी-प्रशांत महासागरातल्या प्रवाळांमधला, जेमतेम दहा सेंटिमीटरचा, केशरी-जांभळा. समुद्री एंजलच्या कुळातल्या माशांच्या गालावर काटा असतो, जाळीत हमखास अडकतो. आणि ‘जोडी’ म्हणून जास्त पैसे मोजू नका: हे मासे आधी मादी असतात, नर नाहीसा झाला की मोठी मादीच नर होते.