यकृतातला पारा, मूत्रपिंडातलं कॅडमियम

नारव्हाल या देवमाशाचं लांबलचक शिंग म्हणजे खरं तर त्याचा डावा सुळा. वरचा ओठ फोडून बाहेर आलेला, अडीच मीटरच्याही पुढे वाढणारा. दरवर्षी त्यावर नवा थर चढतो आणि त्या वर्षी शरीरात जे फिरत होतं त्याचा अंश थरात अडकून राहतो. वायव्य ग्रीनलंडमधल्या अशा दहा सुळ्यांचे थर तपासून १९६२ ते २०१० पर्यंतच्या पाऱ्याचा हिशेब लावला गेला. निष्कर्ष २०२१ मध्ये आले: २००० नंतर पारा झपाट्याने वाढला होता, आणि खाण्यातल्या बदलाने त्या वाढीचा उलगडा होत नव्हता.

इतक्या उत्तरेला पारा येतो कुठून? हवेतून, समुद्रप्रवाहांतून, नद्यांतून. कोळसा जाळताना किंवा सोनं गाळताना त्याची वाफ होते आणि ती महिनोन्‌महिने हवेत राहते. चंद्रपुरात जळणाऱ्या कोळशातला पाराही याला अपवाद नाही. ध्रुवीय वसंतात सूर्य पुन्हा उगवला की खारट बर्फातून ब्रोमीन सुटतं आणि त्याच्या अभिक्रियांमुळे हवेतला पारा खाली उतरतो. कॅनडातल्या अलर्ट इथे १९९५ मध्ये हे टिपलं गेलं. पुढे जिवाणू त्याचा मिथाइल पारा, म्हणजे शरीरात सहज शिरणारं विषारी रूप, करतात. तो प्लवकांतून माशांत, माशांतून सील आणि देवमाशांत पायरीगणिक वाढत जातो.

‘सीलच्या यकृतात प्रचंड पारा’ अशी बातमी वाचली की मी आधी विचारतो, कोणत्या रूपातला? कारण सील आणि बेलुगा हा पांढरा देवमासा यांचं यकृत मिथाइल पारा मोडतं आणि त्याला सेलेनियमशी जखडून टाकतं. त्याचे न विरघळणारे बारीक कण वर्षानुवर्षं तिथेच साठतात. म्हणून म्हातारा सील जास्त ‘विषारी’ दिसतो, पण त्या साठ्यातला बराच भाग निपचित असतो. स्नायूत एकूण पारा कमी, मात्र जवळजवळ सगळा मिथाइल. मेंदूत शिरतो तोही हाच.

कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूची तऱ्हा वेगळी. ते मूत्रपिंडात साठतं, मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटून. वायव्य ग्रीनलंडच्या सीलमध्ये ते फार असतं. तिथले सील कोळंबीसारखे बारीक कवचधारी जीव खातात, आणि कॅडमियम येतं ते त्यांतून. यात कारखान्यांपेक्षा निसर्गाचाच वाटा मोठा मानला जातो. त्या सीलची मूत्रपिंडं तपासली तेव्हा ठळक इजा आढळली नाही. शिवाय हेच सील मारणाऱ्या पांढऱ्या अस्वलात कॅडमियम कमी असतं, कारण अस्वलाचा डोळा चरबीवर असतो.

माणसाच्या ताटाचा प्रश्न त्यामुळेच अवघड होतो. इन्यूट या आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांचा मट्टाक, म्हणजे देवमाशाची चरबीसकट कातडी, क जीवनसत्त्व आणि सेलेनियम पुरवतो. दुकानातलं खाणं तिथे महाग, आणि बरंचसं निकृष्टही. सरसकट बंदी घालणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही, आणि तिथल्या आरोग्य यंत्रणांनी ती घातलेलीही नाही. २०१२ मध्ये उत्तर कॅनडातल्या नुनावुट प्रदेशाने गर्भवती आणि मूल होऊ देण्याच्या वयातल्या स्त्रियांना सांगितलं: सीलचं यकृत टाळा, मांस खा. यकृतातला बराच पारा निपचित असला, तरी एकूण साठाच इतका की उरलेलाही पुरेसा ठरतो. शेजारच्या नुनाविकमध्ये, म्हणजे क्युबेक प्रांताच्या उत्तर भागात, अशाच स्त्रियांना बेलुगाचं मांस कमी करायला सांगितलं गेलं. तिथे ते वाळवून खातात. पाणी उडतं, पारा राहतो, आणि तेवढ्याच वजनाच्या तुकड्यात तो कितीतरी जास्त भरतो.